रिॲक्शन लावण्याआधी: रसायनशास्त्राची माहिती कुठे शोधायची आणि कितपत मानायची

सेंद्रिय संश्लेषण म्हणजे एका रेणूतून दुसरा रेणू घडवायचं काम. औषधं, रंग, सुगंध, पिकांवर फवारायची रसायनं, यातलं बरंचसं याच कामातून येतं. नागपुरात हे काम अनेक ठिकाणी चालतं: विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग, १९४२ मध्ये सुरू झालेली आणि आता स्वतंत्र विद्यापीठ झालेली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एलआयटी), व्हीएनआयटी, फार्मसीची कॉलेजं, बुटीबोरी नि हिंगण्याचे कारखाने. यातल्या कुठल्याही ठिकाणी फ्लास्क हातात घ्यायच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. हे आधी कोणी केलंय का, आणि केलं असेल तर नेमकं कसं?

एकेकाळी त्यासाठी ग्रंथालयात दिवसच्या दिवस जायचे. १८८१ पासून निघू लागलेला बाइलस्टाईन यांचा जर्मन संदर्भग्रंथ, १९०७ पासूनचे ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’चे जाड खंड, बारीक टाइप आणि शेजारी उघडी वही. आज बाइलस्टाईनची माहिती ‘रिॲक्सिस’ या डेटाबेसमध्ये मिळते आणि केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्सची ‘सायफाइंडर’मध्ये. दोन्ही उत्तम आहेत आणि दोन्ही महाग. पण त्यांच्याशिवायही आज इतकं काही फुकट उपलब्ध आहे की एमएस्सीच्या पोरापोरींना साध्या मोबाइलवरूनही खूप पुढे जाता येतं. खरी अडचण पुढची आहे. पडद्यावर सगळं सारखंच दिसतं. दोन प्रयोगशाळांनी करून बघितलेली कृती आणि कोणीही न केलेली, नुसती कागदावर मांडलेली कृती, दोन्ही एकाच ठशात छापलेल्या असतात. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना साइटची यादी देण्याआधी एक प्रश्न विचारायला शिकवतो: हे कोणी तपासलं, आणि तपासलं म्हणजे नेमकं काय केलं?

उदाहरण आपल्याच मातीतलं घेऊ. काटोल-नरखेडचा संत्रा सोलला की बोटांना जो वास लागतो, त्यात मोठा वाटा लिमोनीन नावाच्या रेणूचा असतो. १० कार्बन, १६ हायड्रोजन. सालीतून ते वाफेच्या ऊर्ध्वपातनानं काढता येतं, आणि त्यापासून कार्व्होन करता येतं, म्हणजे टूथपेस्ट आणि च्युइंगममधला स्पिअरमिंट पुदिन्याचा वास. समजा एखाद्या विद्यार्थिनीला हेच प्रोजेक्टसाठी करायचंय. ती सर्चमध्ये ‘लिमोनीन’ टाकते आणि पहिल्याच पायरीवर अडकते, कारण लिमोनीन एक नाही.

डावा आणि उजवा हात जसे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, पण एकावर एक तंतोतंत बसत नाहीत, तशी लिमोनीनची दोन रूपं आहेत. संत्र्यात असतं ते उजवं, म्हणजे ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवणारं. रासायनिक सूत्र तेच, उत्कलनबिंदू तोच, सुमारे १७६ अंश सेल्सिअस. त्यामुळे नावानं किंवा सूत्रानं शोधलं की दोन्हींची माहिती एकत्र समोर येते आणि कोणती कशाची ते कळत नाही.

इथे कामाला येतो कॅस नंबर. केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिस ही अमेरिकन संस्था १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र नोंदणी क्रमांक देते. उजव्या लिमोनीनचा ५९८९-२७-५, डाव्याचा ५९८९-५४-८, आणि दोन्हींच्या समसमान मिश्रणाचा १३८-८६-३. बाटलीच्या लेबलवर हाच नंबर असतो, ऑर्डर देताना हाच लिहायचा. त्याची रचनाही मोठी हुशारीची आहे. शेवटचा अंक हा तपासणीचा अंक असतो. तो सोडून बाकीचे अंक उजवीकडून घ्या, पहिल्याला १ ने, दुसऱ्याला २ ने असं गुणत जा आणि बेरीज करा. ५९८९-२७-५ घेतला तर ७ गुणिले १, २ गुणिले २, ९ गुणिले ३, ८ गुणिले ४, ९ गुणिले ५ आणि ५ गुणिले ६. म्हणजे ७, ४, २७, ३२, ४५, ३०. बेरीज १४५. शेवटचा अंक ५, नंबर बरोबर. कोणी घाईत २७ च्या जागी ७२ लिहिलं तर बेरीज १५० येते, शेवटी ० आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडते. स्टोअरमध्ये मागणी देण्याआधी वहीच्या कोपऱ्यात हे गणित करायला अर्धा मिनिट लागतो. नंबर शोधायला ‘कॅस कॉमन केमिस्ट्री’ ही फुकट साइट आहे. तिथे नेहमीच्या वापरातले सुमारे ५ लाख पदार्थ आहेत.

कॅस नंबर संस्था देते, त्यामुळे तो रेणूकडे बघून स्वतः काढता येत नाही. रेणूच्या रचनेवरूनच निघणारी ओळख हवी असेल तर ‘इंची-की’ असते. आययूपॅक ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना आणि मापनाची मानकं ठरवणारी अमेरिकेची निस्ट यांनी घडवलेली इंची पद्धत २००५ मध्ये आली. तिच्यातून निघणारी की २७ चिन्हांची असते, आणि तिची पहिली १४ अक्षरं रेणूच्या सांगाड्याची असतात. डावं-उजवं कोणतं ते मधल्या गटात येतं. म्हणून दोन्ही लिमोनीनची पहिली १४ अक्षरं तंतोतंत सारखी आहेत. याचा उपयोग असा, की फक्त ती १४ अक्षरं सर्चमध्ये टाकली तर त्या सांगाड्याची सगळी रूपं एकदम सापडतात, आणि पूर्ण की टाकली तर नेमकं एकच. ही की पबकेममध्ये प्रत्येक पदार्थाच्या पानावर मिळते. पबकेम हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा २००४ पासूनचा खुला साठा. सुरुवात करायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. भौतिक गुणधर्म, सुरक्षेची माहिती, पेटंटचे दुवे, सगळं एका पानावर. लिमोनीनच्या पानावर ते ज्वलनशील आहे, त्वचेला ॲलर्जी देऊ शकतं, पाण्यातल्या जीवांना घातक आहे, हे स्पष्ट लिहिलेलं दिसेल. संत्र्यातून आलंय म्हणून निरुपद्रवी, असं धरून चालणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं.

आता लिमोनीनबद्दल एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. कित्येक पुस्तकांत आणि असंख्य साइटवर लिहिलंय की उजव्या लिमोनीनला संत्र्याचा वास येतो आणि डाव्याला लिंबाचा. ऐकायला सुंदर, शिकवायला सोपं. पण लिंबाच्या सालीतही मुख्यतः उजवंच लिमोनीन असतं. २०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी हा विषय मांडला आणि दाखवलं, की ही माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न तपासताच उतरवली जात आली आहे. शंभर ठिकाणी लिहिलेली गोष्ट शंभर जणांनी तपासलेली असते, असं नाही. बऱ्याचदा ती एकानंच लिहिलेली असते आणि बाकीच्यांनी ती उतरवलेली असते.

याच्या उलट खरी असलेली जोडी कार्व्होनची आहे. त्याचं एक रूप स्पिअरमिंटचा वास देतं आणि आरशातलं दुसरं रूप शहाजिऱ्याच्या जातीच्या कॅरावेचा. शेपूच्या बियांमध्येही हेच दुसरं रूप असतं. बाळंतशेपाचा वास आठवा. उजव्या लिमोनीनपासून कार्व्होन केलं तर मिळतं स्पिअरमिंटचं रूप, आणि ते प्रकाश डावीकडे वळवतं. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात: उजव्यापासून डावं कसं झालं? प्रत्यक्षात ज्या कार्बनमुळे रेणूची दोन रूपं होतात, त्याला कोणी हातच लावलेला नसतो. अधिक-उणे ही चिन्हं प्रकाश कुठे वळला ते सांगतात आणि ती मोजूनच कळतात. आर-एस ही अक्षरं अणूंची मांडणी सांगतात आणि ती रचनेवरून ठरतात. दोन्हींचा एकमेकांशी ठरलेला संबंध नाही. लिमोनीन आर आणि अधिक, कार्व्होन आर आणि उणे. डेटाबेसमध्ये शोधताना दोन्ही खुणा बघा, एकीवर विसंबू नका.

पदार्थ कोणता हे पक्कं झालं की प्रोसिजर शोधायची. माझं मत ठाम आहे: पहिली धाव ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’कडे. पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणारी रसायनं बंद झाली, तेव्हा अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ती स्वतः बनवायला घेतली गेली. रॉजर ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अनुभव नीट लिहून १९२१ मध्ये पहिला खंड काढला. आज त्याचे सगळे खंड इंटरनेटवर फुकट आहेत. या प्रकाशनाचं वेगळेपण एकाच नियमात आहे. पाठवलेली प्रत्येक कृती संपादक मंडळातल्या एखाद्या सदस्याच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष करून बघितली जाते, आणि यील्ड, म्हणजे हाती आलेल्या पदार्थाचं प्रमाण, जुळली तरच छापली जाते. तपासणाऱ्यांची नावंही लेखात असतात.

हा नियम किती मोठा आहे ते इतर जर्नल्सशी ताडून बघितल्यावर कळतं. बाकी ठिकाणी ‘पिअर रिव्ह्यू’ होतो, म्हणजे त्या विषयातले दोन-तीन जाणकार लेख वाचतात, शंका काढतात, स्पेक्ट्रा, म्हणजे रेणूची ओळख पटवणारे आलेख, बघतात. हे काम मोलाचं आहे, पण त्यांच्यापैकी कोणी फ्लास्क हातात घेतलेला नसतो. त्यामुळे चांगल्या जर्नलमधली प्रोसिजरसुद्धा आपल्या हातून पहिल्या वेळी बसली नाही, तर लगेच स्वतःला कमी लेखायचं कारण नाही. ऑरगॅनिक सिंथेसिसमधल्या एखाद्या लेखाच्या शेवटच्या टिपा वाचा. कोणत्या कंपनीचा बेस (आम्लारी), किती शुद्ध, मिश्रणाचा रंग केव्हा बदलतो, स्टरिंग किती वेगानं, गाळताना घट्ट गोळा झाला तर काय करायचं. हल्लीच्या लेखांत मांडणीचे फोटोही असतात. एका पानाची कृती आणि तीन पानं टिपा. मला वाटतं, नव्या विद्यार्थ्यानं आपल्या विषयाशी संबंध असो-नसो, अशा टिपा नुसत्या वाचाव्यात. बेंचवर सिनियर जे शिकवतात, तेच तिथे लिहून ठेवलेलं आहे.

तिथे नाही मिळालं तर जर्नल. आणि जर्नलमध्ये मूळ लेखापेक्षा त्याची पुरवणी महत्त्वाची, जिला सगळे ‘एसआय’ म्हणतात. लेखात फक्त रिॲक्शनच्या बाणावर दोन ओळी असतात. किती मिलीग्रॅम, किती मिलिलिटर, कॉलमला (मिश्रणातून पदार्थ वेगळा करायच्या नळीला) कोणतं सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक, ते सगळं एसआयमध्ये. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नल्सचा मूळ लेख पैसे मागत असला तरी एसआय फुकट उघडतो. कितीतरी विद्यार्थ्यांना हे माहीतच नसतं आणि ते लेखाच्या पानावरूनच परत फिरतात.

आपल्याकडची सर्वात दुर्लक्षित खाण म्हणजे ‘शोधगंगा’. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रानं चालवलेल्या या साठ्यात देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध आहेत. प्रबंधात जागेची टंचाई नसते. लेखात ‘नेहमीच्या पद्धतीनं वर्कअप केलं’ एवढंच असतं. प्रबंधात ते वर्कअप, म्हणजे रिॲक्शननंतर पदार्थ वेगळा काढायची कृती, सापडतं, आणि कधी कधी न जमलेल्या वाटाही. शिवाय ते काम आपल्यासारख्याच प्रयोगशाळेत, आपल्यासारख्याच ग्रेडची रसायनं आणि उपकरणं वापरून झालेलं असतं. सगळे प्रबंध सारख्या दर्जाचे नाहीत, तेव्हा स्पेक्ट्रा जोडलेत का, आणि ते वाचता येण्याजोगे आहेत का, हे आधी बघा.

पेटंट हा वेगळा प्रकार आहे. गुगल पेटंट्स आणि युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पासनेट दोन्ही फुकट आहेत, आणि उद्योगातली बरीच माहिती फक्त तिथेच असते. पण पेटंटचा हेतू हक्क मिळवणं हा असतो, शिकवणं नव्हे. अमेरिकन पेटंटमध्ये प्रत्यक्ष न केलेली उदाहरणंही देता येतात. ती ओळखायची खूण इंग्रजीच्या काळात आहे: केलेला प्रयोग भूतकाळात लिहायचा, न केलेला वर्तमानकाळात. ‘मिश्रण दोन तास ढवळलं आणि ४.२ ग्रॅम पदार्थ मिळाला’ आणि ‘मिश्रण दोन तास ढवळतात आणि पदार्थ मिळतो’ या दोन वाक्यांत एका अख्ख्या प्रयोगाचं अंतर आहे. भराभर वाचणाऱ्याला ते दिसत नाही. बुटीबोरीत प्रोसेस डेव्हलपमेंट करणाऱ्यांनी तरी पेटंटमधलं एकेक क्रियापद बघून मगच आकडे उचलावेत.

यील्डचंही तसंच. २०१० मध्ये टोमास हुडलिकी आणि सहकारी यांनी ‘सिनलेट’मध्ये दाखवलं, की गाळणं, धुणं, सुकवणं, कॉलम अशा प्रत्येक टप्प्यावर पदार्थाचा थोडा तरी अंश जातोच. हे लक्षात घेतलं की छोट्या प्रमाणावर कॉलम करून आलेली ९८-९९ टक्के यील्ड वाचताना आपोआप सावध व्हायला होतं.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच डेटाबेसमध्ये मिळणार नाही: प्रोसिजरमधलं ‘रूम टेम्परेचर’. ते लिहिणारा झुरिच किंवा बोस्टनमध्ये बसलेला असतो, त्याची खोली २०-२५ अंशांची. नागपुरात मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये पारा सहज ४० पार करतो. डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं, डायक्लोरोमिथेन ४० च्या आसपास. म्हणजे तिकडे ज्या सॉल्व्हंटमध्ये निवांत रात्रभर ढवळलं गेलं, ते इकडे दुपारी तीन वाजता उकळायला लागलेलं असतं. रिॲक्शन वेगानं जाते, नको ते बायप्रॉडक्ट वाढतात, टीएलसीवर, म्हणजे मिश्रणात काय काय आहे ते ठिपक्यांनी दाखवणाऱ्या पट्टीवर, तिसरा स्पॉट दिसतो, आणि आपण प्रोसिजरला नावं ठेवतो. उन्हाळ्यात वॉटर बाथमध्ये थर्मामीटर ठेवून तापमान लिहून ठेवा, ‘आरटी’ एवढंच लिहू नका. पुढच्या वर्षी तीच वही वाचणाऱ्या ज्युनियरला त्याचा उपयोग होईल.

रिॲक्शन झाली, आता जे मिळालं ते हवं तेच आहे का? स्पेक्ट्रा ताडून बघायला जपानच्या एआयएसटी संस्थेचा एसडीबीएस हा खुला साठा फार चांगला आहे. एनएमआर, आयआर, मास या रेणू ओळखायच्या तीन पद्धती, तिन्हींचे आलेख मिळतात. निस्टचं वेबबुक आयआर आणि माससाठी. आपल्या उदाहरणात प्रोटॉन एनएमआरमध्ये काय बघायचं ते सांगतो. लिमोनीनमध्ये वलयातल्या दुहेरी बंधाचा हायड्रोजन ५.४ पीपीएमच्या (एनएमआरच्या मोजपट्टीवरचं एकक) जवळ दिसतो. कार्व्होन तयार झालं की तो सिग्नल जातो आणि ६.७५ च्या आसपास नवा येतो, कारण शेजारी कार्बोनिल, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, आलेला असतो. बाजूच्या साखळीतल्या दुहेरी बंधाचे दोन हायड्रोजन मात्र दोन्हींत ४.७ ते ४.८ मध्येच राहतात. म्हणजे ५.४ ला अजून पीक असेल तर स्टार्टिंग मटेरियल शिल्लक आहे. आणि लिमोनीनची बाटली जुनी असेल तर रिॲक्शन लावण्याआधीच तिचा एनएमआर घ्या. हवेत राहिलेलं लिमोनीन हळूहळू ऑक्सिडाइज होतं आणि त्यात थोडं कार्व्होन आपोआपच तयार झालेलं असू शकतं.

क्लोरोफॉर्म-डी या एनएमआरच्या नेहमीच्या द्रावकात २.१७ ला उंच टोकदार सिंगलेट (एकच टोक असलेला सिग्नल) दिसला की पहिल्यांदा एनएमआर वाचणारे खूश होतात, मिथाइल गट मिळाला म्हणून. तो ॲसिटोन असतो, ट्यूब धुताना राहिलेला. ५.३० ला डायक्लोरोमिथेन, १.५६ ला पाणी, आणि १.२६, २.०५, ४.१२ असा तिघांचा संच दिसला तर इथाइल ॲसिटेट, रोटावर (द्रावक उडवायच्या फिरत्या उपकरणावर) पुरतं न उडालेलं. हे सगळे आकडे १९९७ मध्ये ‘जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री’त आलेल्या एका लेखात तक्त्यानं दिलेत, आणि २०१० मध्ये ‘ऑरगॅनोमेटॅलिक्स’मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. तो तक्ता छापून एनएमआरच्या खोलीत चिकटवलेला नाही अशी लॅब मला अपुरी वाटते.

बातम्यांकडे वळू. अमेरिकन केमिकल सोसायटीचं ‘केमिकल अँड इंजिनिअरिंग न्यूज’ १९२३ पासून निघतं, ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचं ‘केमिस्ट्री वर्ल्ड’ आहे. नवी रिॲक्शन, नवं औषध, कारखान्यातला अपघात, सगळं तिथे सोप्या भाषेत येतं. २०१७ पासून ‘केमआर्काइव्ह’वर लेख पिअर रिव्ह्यूच्या आधीच वाचायला मिळतात, वेगासाठी चांगलं, पण तिथलं काहीही रिव्ह्यू झालेलं नसतं हे लक्षात ठेवून वाचायचं.

बातमी आणि खात्री यांतला फरक २००९ मध्ये फार ठळकपणे दिसला. ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’मध्ये लेख आला की सोडियम हायड्राइडनं अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होऊन कीटोन मिळतं. सोडियम हायड्राइड म्हणजे बेस. त्यानं ऑक्सिडेशन व्हावं हे कोणाच्याच गळी उतरेना. मग ठिकठिकाणच्या रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रयोग आपापल्या बेंचवर करून बघितला आणि निकाल लगेच इंटरनेटवर मांडले. निष्कर्ष असा निघाला की काम करत होता तो हवेतला ऑक्सिजन. लेख पुढे मागे घेतला गेला. २०२१ मध्ये असंच पुन्हा झालं: पॅलेडियमशिवाय, केवळ एका अमाइनच्या (नायट्रोजनयुक्त संयुगाच्या) मदतीनं सुझुकी कपलिंग, म्हणजे एरवी पॅलेडियम लागणारी दोन कार्बन जोडायची रिॲक्शन, होते असा दावा ‘नेचर कॅटॅलिसिस’मध्ये आला आणि त्याच वर्षी मागे घेण्यात आला. ते अमाइन बनवताना वापरलेलं पॅलेडियम त्यात अत्यल्प प्रमाणात उरलं होतं आणि रिॲक्शन तेच घडवत होतं. दोन्ही घटनांत मला लबाडी दिसत नाही. दिसतं ते असं, की पुन्हा करून बघण्याची सवय विज्ञानाला किती वेगानं ताळ्यावर आणते.

म्हणूनच कोणताही लेख आधार म्हणून घेण्याआधी तो मागे घेतला गेलाय का ते बघावं. ‘रिट्रॅक्शन वॉच’नं अशा लेखांची नोंद ठेवली आहे आणि २०२३ पासून तो साठा क्रॉसरेफ या लेखांना ओळख क्रमांक देणाऱ्या संस्थेमार्फत सगळ्यांना खुला आहे. ‘पबपिअर’वर छापून आलेल्या लेखांवरच्या शंका वाचता येतात. आपल्या आधारभूत लेखाचा डीओआय, म्हणजे तो कायमचा ओळख क्रमांक, तिथे टाकायला वेळ लागत नाही.

आता संगणकानं मार्ग सुचवण्याबद्दल. हव्या त्या रेणूपासून उलट चालत, एकेक बंध तोडत, स्टार्टिंग मटेरियलपर्यंत यायचं, याला रेट्रोसिंथेसिस म्हणतात. कार्व्होनच्या मागे त्याचं ऑक्झाइम, त्याच्या मागे लिमोनीनला नायट्रोसिल क्लोराइड जोडून झालेला पदार्थ, आणि त्याच्या मागे लिमोनीन, म्हणजे आपली संत्र्याची साल. (नायट्रोसिल क्लोराइड विषारी आहे. ही रिॲक्शन चांगल्या फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात, आणि गाईडच्या देखरेखीखालीच करायची.) ही विचारपद्धत शिस्तीत मांडल्याबद्दल ई. जे. कोरी यांना १९९० चं नोबेल मिळालं, आणि संगणकाला ती शिकवण्याचा प्रयत्न त्यांनी विप्के यांच्यासोबत १९६९ मध्येच जाहीर केला होता. आज एमआयटीचं ‘ॲस्कोस’ आणि अ‍ॅस्ट्राझेनेकाचं ‘एआयझिंथफाइंडर’ कोणालाही फुकट वापरता येतं. वापरावीतच. एखादी न सुचलेली वाट पटकन दिसते.

पण ही मॉडेल्स कशावर शिकली ते माहीत हवं. त्यांचा मोठा आधार अमेरिकन पेटंटमधून संगणकानं वेचलेल्या रिॲक्शनचा आहे, आणि पेटंटमध्ये फसलेले प्रयोग कोणी लिहीत नाही. त्यामुळे काय चालतं याची त्यांना चांगली जाण, काय चालत नाही याची फार थोडी. ‘ओपन रिॲक्शन डेटाबेस’ हा खुला प्रकल्प हीच उणीव भरायला बघतो. त्यात फसलेल्या रिॲक्शनही नोंदवायची सोय आहे. बोलणाऱ्या चॅटबॉटबद्दल एवढंच: ते दिसायला अगदी खरे वाटणारे, पण अस्तित्वातच नसलेले संदर्भ देऊ शकतात. डीओआय उघडून लेख डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो सेमिनारच्या स्लाइडवर टाकू नये.

उरला पैशाचा प्रश्न, आणि तिथे चित्र खरंच बदललंय. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था, मिळून ६,३०० हून जास्त, त्यात येतात, आणि वाटप इन्फ्लिबनेटमार्फत होतं. तुमची संस्था त्यात असेल तर ग्रंथपालांना भेटा, लॉगिन मागा, घरून वापरायची सोय आहे का विचारा. हक्काची गोष्ट आहे, आणि न मागितल्यामुळे वाया जाते.

खासगी विनाअनुदानित कॉलेजांतल्या मुलांना मात्र या योजनेचा थेट लाभ नाही, आणि विदर्भात अशी मुलं खूप आहेत. मला ही गोष्ट खटकते. त्यांच्यासाठी वाटा अशा: ‘बाइलस्टाईन जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री’ २००५ पासून वाचायलाही फुकट आहे आणि छापायलाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची जर्नल्स खुली आहेत. ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर दाखवून देतं.

आणि काहीच नाही मिळालं तर लेखकाला ईमेल लिहावा. पत्ता लेखाच्या पहिल्या पानावर, तारांकित नावापाशी असतो. पत्र चार ओळींचं पुरतं: मी कोण, कुठल्या कॉलेजची, कोणता लेख हवाय, आणि प्रयोगात नेमकं कुठे अडलंय. ‘प्लीज हेल्प’ लिहिण्यापेक्षा ‘तुमच्या दुसऱ्या पायरीत बेस कोणत्या तापमानाला घातला होता? माझ्या लॅबमध्ये सध्या ४२ अंश आहे आणि टीएलसीवर खाली एक जास्तीचा स्पॉट येतोय’ असं लिहा, जमल्यास टीएलसीचा फोटो जोडा. ज्यानं ती रिॲक्शन स्वतः केलेली असते त्याला तो स्पॉट बहुधा ओळखीचा असतो.